शेणाला गोडं पाणी

वरची खार, ता. पेण
६ फेब्रुवारी १९९४

प्रिय शिवादादा,

सगुणाचा तुला नि वयनीला नमस्कार. शाळेत पत्राचा मायना शिकवलेला, त्यातला अर्धा विसरले. जेवढा राह्यला तेवढा लिवला. हितं सगळी बरी हाय. रोह्याला तुमी दोघं पण बरी असाल. तुझी रात्रपाळी संपली काय? वयनीने दिलेले वाल आयने डब्यात जपून ठेवलेत, पाव्हणा आल्याबिगर काढत नाय.

दादा, गोबरगॅसची टाकी झाली. आपल्या गोठ्याच्या मागं, उंचवट्यावर, जिथं भरतीचं पाणी पोचत नाय तिथं. घुमट मी बांधला. आय वीट द्यायची, मी लावायची. खाली आधार नाय, एक वीट दुसरीला धरून ऱ्हाते. शेवटची वीट बसली तेव्हा आय बोलली, "पडली तर माझ्या डोक्यात पडूदे, तुझं अजून लगीन व्हायचंय." पडली नाय.

वयनीला सगळं तोंडपाठ असंल. तुमच्या खोलीत शिबिराचा महिनाभर मी भिंतीकडं तोंड करून तोच धडा म्हणायची. जेवढं शेण तेवढंच पाणी, कुंडीत कालवायचं, आत सोडायचं. आत ते कुजतं, घुमटाखाली गॅस धरतो, पाईपातून शेगडीला येतो. भिंतीसमोर मला सगळं येतं. माणसासमोर जीभ टाळूला चिकटते. सातवीनंतर शाळा सुटली नि डोक्यावर हंडा आला, तेव्हापासून बोलायची सवयच गेली. हंड्याबरोबर कोण बोलतंय?

म्हणून शिबिरात शिकवणाऱ्या कृष्णाबाईंनी मला जे सांगितलं ते तुला तेव्हा सांगितलं नाय, आता सांगते. शेवटच्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. बोलल्या, "हात चांगला हाय तुझा. गावात टाकी चालू करून दाखव. मी नवीन बायांना घेऊन बघायला येईन. त्यांच्यापुढं तू समजावून सांगितलंस, तर पुढच्या शिबिरात माझ्याबरोबर शिकवायला घेते तुला." दादा, मला ते पायजे. दुसरं काय मागत नाय मी. मला हंड्याच्या मागं जन्म काढायचा नाय.

मधी हिवताप आलेला, आता उतरला. अंगात ताकद नाय पण हिंडते फिरते. मी पडलेली तोवर टाकी भरून झाली. आयने केलं असंल. आता गॅस धरायची वाट बघायची.

गिरजाबाय रोज कुंपणावरून विचारते, "गो सगुणे, लोकं शेणाने सारवतात, तू पुरून ठेवलंस. उगवंल काय गो?" मी हसते नि आत जाते.

बा बरा हाय. मिठागरात कामाला जातो.

तू गणपतीनंतर आलाच नायस. ये कधीतरी.

तुझी बहीण
सगुणा


वरची खार
१ मार्च १९९४

दादा,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. वयनीला बरं नाय असं लिवलंस, तिला ताकाची कढी देऊ नको, ताकाने सर्दी वाढते. पेज दे.

तू विचारलंस, गॅसवर काय शिजवलं. काय नाय शिजवलं. गॅस आला नाय.

मागच्या पत्रात वाट बघायची लिवलेलं, तर खूप वाट बघितली. रोज कॉक उघडायची, काडी लावायची, काडी माझ्या बोटापर्यंत जळायची. आधी आधी आय चुलीवरून मान वळवून बघायची. नंतर बघायची बंद झाली. तिला वाटायचं, तिने बघितलं तर मला जास्त वाईट वाटंल.

गावाला तर खेळच झाला. केरू पारावर बसून मोठ्याने बोलतो, "रोह्याला जाऊन पोरगी वारा भरायला शिकून आली." गिरजाबायने तर त्या दिवशी कमाल केली. मला बोलावलं नि रिकामा सिलिंडर दाखवला, तिच्या पोराने पेणवरून आणलेला. बोलली, "ह्यात घाल गो थोडा तुझ्यातला, जास्त असंल तर." सगळ्या बाया हसल्या. आय पण हसली असती, तिला हसू आवरत नाय ना, पण तिने पदर तोंडात धरला.

मंग मला कळलं, गॅस का येत नाय ते. टाकीचं मागचं तोंड हाय ना, जिथनं वापरलेलं शेण बाहेर येतं, तिथं कडेला शेण वाळलेलं. त्यावर पांढरं दिसलं. मी वाकून बघितलं. दादा, तू नि मी मिठावर वाढलो. वाफ्यात पाणी सुकायला लागलं की कडेला पहिल्यांदा जशी बारीक पांढरी कणी धरते, तशीच. शेणावर मीठ धरलेलं.

खाडीचं पाणी गेलंय आत. थोडं नाय, पहिल्यापासून गेलंय. कृष्णाबाईंनी शिबिरात सांगितलेलं, टाकीत बारीक जीव असतात, डोळ्याला दिसत नाय, ते शेण खातात नि गॅस करतात. खाऱ्या पाण्यात ते मरतात. पण रोह्याकडं सगळीकडं गोडं पाणी, तिथं कोणी ते नीट ऐकलं पण नाय. मी ऐकलेलं.

कोणी घातलं ते विचारू नको. मी सांगणार नाय.

आता काय करायचं ते मी ठरवलंय. सगळी टाकी रिकामी करायची, धुवायची, परत भरायची. गोडं पाणी कुठनं आणायचं ते माहीत नाय. टँकर आठवड्याने येतो नि विहीर मोठ्या बांधाच्या पलीकडं. पण करणार. कृष्णाबाई मे महिन्यात बायांना घेऊन येणार हायत. त्यांना मी नको येऊ लिवणार नाय.

सगुणा


वरची खार
३० मार्च १९९४

दादा,

तुझं पत्र एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं नाय.

तू लिवलंस, "म्हाताऱ्याचंच काम असणार. पोरांनी काय केलेलं त्याला बघवत नाय. मी कंपनीत गेलो तेव्हा पण असाच. मुद्दाम वतलं असंल."

हे लिवशील म्हणूनच मी नाव लिवलं नव्हतं. बाने पण सांगितलेलं, शिवाला सांगू नको. मी मान हलवलेली. आता तो शब्द मोडते. तुझ्या तोंडावर मला हे जन्मात बोलता आलं नसतं, कागदावर बोलते. पूर्ण वाच, मधी टाकू नको.

व्हय, बाने घातलं.

मी हिवतापात आत पडलेली. आय पाण्याच्या मागं. टाकीचं पोट येवढं मोठं, कळशी कळशीने भरंना. बाने ते बघितलं. पारावर तोच बोललेला, "मी मिठाचा माणूस, शेणाला हात लावणार नाय." मंग तो काय करायचा ठाऊक हाय? सकाळी मिठावर जायच्या आधी खाडीवर जायचा, कावड भरायचा, आणायचा, कुंडीत वतायचा, नि कोपरापर्यंत हात घालून शेण कालवायचा. आपला बा, दादा. कोणी बघायच्या आत हात धुवून निघून जायचा. त्याचा हिशोब साधा. घरात प्यायला गोडं पाणी नाय, शेणाला कशाला गोडं? खाडीचं वतलं तर पोरीच्या नि आयच्या डोक्यावरचे हंडे वाचतील. त्याने आमचं पाणी वाचवलं.

मला कळलं कसं? मी बरी झाल्यावर एकदा लवकर उठले नि बघितलं. तो कुंडीवर वाकलेला. मला बघून बोलला, "निज जा. अंगात ताकद नाय, आली मोठी." मी जाऊन निजले. बोलले नाय.

ते पांढरं दिसल्यावर पण मला त्याला सांगायला जमंना. मंग मी एक करायला लागले. त्याच्या आधी उठून गोड्या पाण्याने कुंडी भरून ठेवायची. तो यायचा, भरलेली कुंडी बघायचा, कावडीतलं पाणी तिथंच उलटं करायचा नि जायचा. त्याचं तोंड बघितलं मी. त्याला वाटलं, पोरीला माझा हात नको. ते मला बघवलं नाय. मी उठले नि मिठावर गेले.

तो वाफ्यात फावडं ओढत होता. मी बांधावर उभी ऱ्हायले. त्याने विचारलं, "जेवान आणलंस?"

"नाय. बा, टाकीत मीठ पिकतंय."

"काय बोलतेस गो?"

"टाकीत. शेणात. मीठ."

त्याने फावडं टाकलं नि माझ्या मागनं घरी आला. टाकीच्या मागच्या तोंडाशी बसला. वाळलेल्या शेणावरची पांढरी कणी नखाने उचलली, बोटात चोळली, नि दादा, जिभेवर ठेवली. मी "बा, शेण!" म्हणेपर्यंत ठेवली पण. थुंकला. बोलला, "कणी बारीक हाय. पण मीठच हाय."

तिथंच उकिडवा बसून ऱ्हायला. मंग बोलला, "किती काढाय लागंल?"

"सगळं."

"कोणाला बोललीस?"

"नाय."

"शिवाला?"

"नाय."

"नको सांगू. आधीच तो मला मिठाचा दगड समजतो."

हे तुला सांगायला नको होतं, पण सांगितलं. आता तू तुझं ते 'मुद्दाम' परत घे. मला नको लिवू, मनातच घे.

मंग आमी टाकी उपसली. आत कोणी उतरायचं नाय, गुदमरतं माणूस, हे मला शिबिरात पहिल्या दिवशी शिकवलेलं. बा तर लुंगी खोचून उतरायलाच निघालेला. मी त्याचा हात धरला. जन्मात पहिल्यांदा मी बाला नाय बोलले. "उतरायचं नाय. वरून काढायचं." तो बोलला, "बरं, मास्तरीन." दोरीला बादली बांधून वरूनच उपसलं, बा वढायचा, मी नि आय खाडीकडच्या खाजणात नेऊन वतायचो, तिथं तसं पण काय उगवत नाय. अंगाचा वास दोन साबणांनी गेला नाय. केरू पारावरून ओरडला, "काका, मीठ सोडून हे पिकवायला लागलात?" बा बोलला, "तुझ्या तोंडापेक्षा वास कमी हाय." 

मंग पाणी. मी खूप विचार केला, गोडं पाणी गावात कुठं वाया जातं? कुठंच नाय. आपल्याकडं थेंब कोण टाकतंय? मंग आठवलं, धुवण. घरोघर तांदूळ धुतात, ते धुवण म्हशीपुढं ठेवतात. सगळ्या घरांचं मिळालं तर टाकीला पुरंल. पण मागायला दारोदार मी जायचं. मी, दादा.

पहिलं दार गिरजाबायचं. उंबऱ्याशी उभी ऱ्हायले नि तोंडच उघडंना. ती भांडी घासत होती. बोलली, "काय गो, मुकी झालीस? का सिलिंडर न्यायला आलीस?"

"धुवण," मी बोलले.

"कसलं?"

"तांदळाचं. रोजचं पायजे. टाकीला."

"नि माझी म्हस काय पिईल?"

मला काय सुचलं माहीत नाय, मी बोलले, "अर्धं तिला द्या, अर्धं मला. तुमची म्हस पुढनं पिते नि मागनं परत टाकीलाच देते. मी जरा मधला रस्ता वाचवते."

गिरजाबायने हातातलं भांडं खाली ठेवलं. मला वाटलं आता शिव्या. तर ती येवढी हसली की तिला ठसका लागला. बोलली, "गो बाय, तुला तोंड हाय? येवढी वर्षं कुठं ठेवलेलंस?" नि तीच माझ्याबरोबर चार दारं फिरली. प्रत्येक दारात तीच गोष्ट सांगायची, नि मला धुवण मिळायचं. आता बाया सकाळी आपणहून कळशी आणून कुंपणाशी ठेवतात. आंघोळीचं पाणी आणू नका, साबण असतो, येवढं मी त्यांना सांगते. मोठ्याने सांगते. पहिले काही दिवस गिरजाबायला माझं सांगणं परत सांगायला लागायचं, आता लागत नाय.

अजून एक. नवीन शेण लवकर धरत नाय, त्याला चालू टाकीतलं जुनं शेण घालायला लागतं, दह्याला विरजण लावतात तसं. गडब गावात एका घरी टाकी चालू हाय. मी नि आय दोन झाकणाचे डबे घेऊन गेलो, भरून घेतले, नि एसटीत बसलो. कंडक्टर आला, नाक वाकडं करून बोलला, "काय हाय डब्यात?" आय बोलली, "विरजण." तो बोलला, "येवढं? लगीन हाय काय?" उन्हाने नि हादऱ्याने रामवाडीच्या अलीकडं एका डब्याचं झाकण उडालं. आतनं गॅसच आला ना! सगळी गाडी उठून उभी. आमाला तिथंच उतरवलं. आय रस्त्याच्या कडेला डब्यावर बसून पोट धरून हसत होती नि मला रडू येत होतं, नि मंग मी पण हसले, कारण गॅस होता, दादा. खराखरा. झाकण उडवायला पुरंल येवढा.

शिमग्याला केरू नि पोरांनी होळीभोवती माझ्या नावाने बोंब मारली, "सगुणीच्या टाकीत काय रं? वारा रं!" मी आयच्या मागं लपले नाय. उभी ऱ्हायले.

बा अजून काय जास्त बोलत नाय. पण कुंडी तोच कालवतो. धुवणाची प्रत्येक कळशी वतायच्या आधी बोट बुडवून चाखतो. मी बोलले, बा, तांदळाचं पाणी खारं कसं असंल? तो बोलला, "एकदा विश्वास ठेवला ना पाण्यावर. आता नाय."

वयनीची तब्येत कळव.

सगुणा


वरची खार
९ मे १९९४

दादा,

वयनीला नि तुला नमस्कार. तू उत्तर पाठवलं नाय. मी ते वाईट अर्थी घेतलं नाय. मला पण पत्र लिवायला किती दिवस लागतात.

गॅस आला.

काडी लावली नि काय झालं नाय, कारण पहिला गॅस जळत नाय, तो सोडून द्यायला लागतो. आय बोलली, "गेलं परत." मी बोलले, थांब. बाला बोलले, थांब. दुसऱ्या दिवशी परत कॉक उघडला, काडी नेली, नि फस्स करून निळी फुलं उभी ऱ्हायली. आयने हात जोडले. बा चौकटीत उभा होता, त्याने शेगडीखाली वाकून बघितलं, कुठं लाकूडफाटी लपवलीय काय. आयने पहिला चहा बाला केला. तो प्यायला नि बोलला, "बेचव. धूर नाय लागला." आय बोलली, "उद्यापासून तुमच्या कपात राख घालते." आयचे डोळे आता सकाळी लाल नसतात. मला हे आधी कळलंच नव्हतं, की आयचे डोळे लाल नसतात मुळात.

कृष्णाबाई गेल्या गुरवारी आल्या. टेंपो भरून बाया. रोह्याच्या आतल्या गावांतल्या, भाताच्या नि वालाच्या शेतीवाल्या, काही तर आपल्या आयच्या वयाच्या. त्यांना गोठ्यामागं ताडपत्रीखाली बसवलं. आपल्या गावच्या बाया कुंपणाशी. गिरजाबाय सगळ्यात पुढं, जशी टाकी तिनेच बांधलीय. बा लांब, गवताच्या गंजीशी उभा.

कृष्णाबाई बोलल्या, "सांग."

मी टाकीकडं तोंड केलं नि सुरू केलं. जेवढं शेण तेवढंच पाणी. कृष्णाबाई बोलल्या, "टाकीला शिकवतेस काय गो? ती शिकलेली हाय. हिकडं बघ." सगळ्या हसल्या. मी वळले. पदर पकडून ठेवला नि बोलत ऱ्हायले. घुमट कसा लावायचा, विटा कशा भिजवायच्या, आत का उतरायचं नाय. शेगडी पेटवून दाखवली. बरं चाललेलं.

मंग एक बाय उठली. धिप्पाड, आवाज मोठा. बोलली, "पेणला चहाला उतरल्यावर आमाला एकाने सांगितलं, ही टाकी आधी बंद पडलेली. खरं काय?"

"व्हय."

"का?"

"खारं पाणी गेलेलं आत."

"कोणी घातलं?"

दादा, आपल्या गावच्या बायांना पण माहीत नव्हतं. मी बाच्याकडं बघितलं नाय, पण तो कुठं उभा हाय ते मला पाठीला कळत होतं. मी बोलणार होते, मी घातलं. तोंडात आलेलं. बोलले असते तर बा सुटला असता. पण मंग त्या बाया काय शिकून गेल्या असत्या? की एका पोरीने बावळटपणा केला, आपण नाय करणार. नि घरी जाऊन त्यांच्या घरात पण तेच झालं असतं, खाऱ्या पाण्याचं नाय तर दुसरं काय तरी.

मी बोलले, "घरातल्या माणसाने घातलं. माझं ओझं हलकं करायला घातलं. त्याला ठाऊक नव्हतं, कारण मी त्याला सांगितलंच नव्हतं. महिनाभर शिकून आले, भिंतीला सांगितलं, आयला सांगितलं, त्याला नाय. मला लाज वाटायची. तो विचारायचा नाय, मी सांगायची नाय, नि मधी टाकी बंद पडली. तुमी घरी गेलात की विटेच्या आधी, सिमेंटच्या आधी, घरातल्या पुरुषाला बसवा नि धडा म्हणून दाखवा. तो हसंल. हसूदे. पण बसवा. शेणात सगळ्यांचा हात पडतो, मंग शिकायचं एकटीनेच कशाला?"

येवढं मी कधीच एका दमात बोलले नव्हते. मलाच माझा आवाज दुसऱ्या कोणाचा वाटला.

नि गंजीकडनं बा चालत आला. मला वाटलं, आता तो सरळ मिठावर जाईल, परत माझ्याशी बोलणार नाय. तो बायांच्या पुढं येऊन उभा ऱ्हायला. टोपी काढली, परत घातली. बोलला, "घरातला माणूस मीच. गुणाजी. हिचा बापूस." मंग त्याला पुढचं सुचंना. ती धिप्पाड बाय बोलली, "मंग काका, खारं पाणी ओळखायचं कसं ते तरी सांगा." त्याला तेवढंच पायजे होतं. त्याने आयला दोन तांबे आणायला सांगितले, एकात विहिरीचं पाणी, एकात खाडीचं थोडं मिसळलेलं, नि सगळ्या बायांना एक एक बोट चाखायला लावलं. "जिभेच्या टोकाला नाय, कडेला बघा. तिथं चुणचुणलं तर टाकीला नको." कोणी तोंड वाकडं केलं की हा खूश. गिरजाबाय बोलली, "येवढा स्वतःच्या लग्नात पण बोलला नव्हता."

जाताना कृष्णाबाईंनी माझा खांदा धरला. बोलल्या, "तुझ्या बापालाच घेऊ काय शिकवायला?" मला वाटलं खरंच बोलतायत. मंग त्या बोलल्या, "जूनच्या आधी शिबीर हाय. सामान बांधून ये. पुरुषांना पण बोलवायचं म्हणतेस, तर ते पण तुलाच बघायला लागंल." मी हो बोलले. लगेच. घरी विचारते असं पण बोलले नाय.

घरी आल्यावर मला भीती वाटली. रोह्याला जायचं म्हणजे तुझ्या खोलीवर ऱ्हायचं, नि तू मीठ सोडून कंपनीत गेल्यापासून तुझ्या खोलीचं नाव बापुढं निघत नाय. जेवताना मीच काढलं. "मी रोह्याला चालले, शिकवायला. दादाकडं ऱ्हाणार." आयने भात वाढायचा हात थांबवला. बा जेवत ऱ्हायला. मंग बोलला, "एकटी नको जाऊ. सामान जड असंल. मी येतो सोडायला."

येवढंच. मी जास्त खणलं नाय.

तर दादा, येत्या रविवारी आमी पेणवरून सकाळची गाडी पकडतो. तुझी सुट्टी असंल तेव्हाच निघतोय. बा खोलीपर्यंत येईल का स्टँडवरूनच परत फिरंल, मी सांगू शकत नाय, त्याला पण ठाऊक नसंल. तू खोलीत बसून वाट बघू नको. स्टँडवर ये. तो आधी बोलणार नाय. तू पण आधी बोलणार नाय, मला माहीत हाय, तू त्याचाच हायस.

पण मी टेंपोभर बायांपुढं बोलले. तुला एका बापापुढं बोलायचंय.

वाट बघते,
सगुणा